आधी गिऱ्हाईक, मग राजीनामा

बेळगावात किर्लोस्कर रोडवरून जाणाऱ्या माणसाला रस्त्याच्या नावाबद्दल विचारलं, तर तो नांगर सांगेल, पंप सांगेल, फार तर किर्लोस्करवाडी सांगेल. सुरुवात सायकलींपासून झाली हे थोड्यांना ठाऊक असतं, आणि तो जोडधंदा होता हे त्याहून थोड्यांना. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईला ते चित्रकला शिकायला गेले होते. डोळ्यांत रंगदोष आहे असं निघालं, रंग सोडावे लागले, मग यांत्रिक रेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. शिक्षकाची ही नोकरी चालू असताना ते मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला थोरल्या भावाकडे, रामूअण्णांकडे पाठवायचे. रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या पेढीची स्थापना १८८८ ची मानतात. नोकरी सुटली ती नंतर, हक्काची बढती डावलली गेल्यावर. तोवर बेळगावात दुकान होतं, भाऊ होता, गिऱ्हाईक होतं.

आपल्याकडे उद्योजकांच्या गोष्टी सांगताना राजीनाम्याचा प्रसंग रंगवून सांगतात. टेबलावर कागद आपटला आणि माणूस बाहेर पडला! ऐकायला बरं वाटतं. पण निपाणीत, संकेश्वरात, खानापुरात संसार चालवणाऱ्या, घराचे हप्ते भरणाऱ्या माणसाला ती गोष्ट ऐकून उलट धडकी भरते. हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, असं म्हणून तो तिथंच थांबतो. खरं पाहता राजीनाम्याची घाई करणारेच जास्त बुडतात. जोसेफ रॅफी आणि जी फेंग या दोघांनी अमेरिकेतल्या १९९४ ते २००८ या काळातल्या आकडेवारीचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. नोकरीत राहून धंदा सुरू केलेले आणि तो चालतोय असं दिसल्यावर पूर्ण वेळ त्यात उतरलेले लोक पाहिले, तर एकदम नोकरी सोडून उतरलेल्यांच्या तुलनेत त्यांचा बुडण्याचा धोका ३३ टक्के कमी होता. म्हणजे भित्रेपणानं नोकरी धरून ठेवणं हा दोष नाही. ती धरून ठेवून काहीच न करणं, एवढाच काय तो दोष.

कर्नाटकातल्या या मराठी सीमाभागात मी ज्यांच्या ज्यांच्याशी याबद्दल बोललो, त्यांची पहिली सबब भांडवलाची नसते. ती येते तिसऱ्या-चौथ्या वाक्यात. पहिलं वाक्य ठरलेलं: “धंदा आपल्या रक्तात नाही.” मारवाडी, गुजराती, लिंगायत वाणी यांचं ते काम, आपण शेतीवाले नाहीतर नोकरीवाले. हे वाक्य म्हणणाऱ्याच्या गोठ्यात बहुतेक वेळा दोन म्हशी असतात. रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घातलं जातं, फॅटवरून वाद होतो, पेंडेचा भाव चढला की खर्चाचा हिशेब होतो, भाकड म्हैस कधी विकायची हे ठरतं. माल, दर्जा, दर, खर्च, गुंतवणूक कधी मोडायची, सगळं त्यात आलं. पण आजोबांपासून चालत आलेलं असल्यामुळे त्याला कुणी धंदा म्हणत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. तोच माणूस मिरचीची चटणी पाकिटात भरून विकायची म्हटली की कानकोंडा होतो. याचा अर्थ अडचण विकण्याची नाही, नवेपणाची आहे.

निपाणीच्या विडी कामगार बायांचंही तसंच. तंबाखू किती मिळाला, पान किती मिळालं, त्यात हजार विड्यांचा हिशेब कसा बसवायचा, छाट किती निघाली आणि त्यामुळे मजुरी किती कापली गेली, हे त्या बोटांवर सांगतात. कच्च्या मालाचा उतारा आणि नापास मालाचं नुकसान हा उत्पादनशास्त्राचा पहिला धडा. त्यांनी तो वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या फायद्यासाठी गिरवलाय. त्यांनाच विचारा, तर म्हणतात, “आम्हाला धंद्यातलं काय कळतंय हो?” छाटीचं नुकसान रोज सोसणारी बाई दहा पाकिटं शिल्लक राहतील म्हणून घाबरते. तुम्ही त्यांच्यासारख्या असाल, तर एक काम करा. गेल्या वर्षभरात तुम्ही कुठे कुठे भाव ठरवला, माल पारखला, पैसे वसूल केले, माणसांकडून काम करून घेतलं, ते वहीच्या एका पानावर लिहून काढा. लग्नकार्यात पाचशे पानांचा स्वयंपाक सांभाळला असेल, भिशी चालवली असेल, गणेश मंडळाची वर्गणी गोळा केली असेल, तर तेही लिहा. पान भरेल.

स्वभाव बदलता येतो का, असा प्रश्न इथं येतो. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात, लोमे शहरात, दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पाचशे जणांना नेहमीचं प्रशिक्षण दिलं: जमाखर्च, विपणन वगैरे. दुसऱ्या पाचशे जणांना पुढाकार घ्यायला शिकवलं: स्वतःहून नवं काय करता येईल ते शोधणं, पुढची अडचण आधी ओळखणं, एकदा नाही जमलं तर पुन्हा लागणं. उरलेल्या पाचशेंना काहीच नाही. अडीच वर्षांच्या पाहणीत पुढाकार शिकलेल्यांचा नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढलेला दिसला. जमाखर्च शिकलेल्यांचा ११ टक्के, आणि तो आकडाही संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येईल असा नव्हता. हे लोक काही जन्मजात व्यापारी घराण्यातले म्हणून निवडलेले नव्हते. त्यामुळे रक्ताबिक्ताचा मुद्दा मी सोडून देतो.

खरा अडथळा माझ्या मते पुढचा आहे, आणि तो पैशाच्या भीतीपेक्षा जुना आहे. लोक काय म्हणतील! मोठ्या शहरात हा प्रश्न थोडा बोथट होतो, कारण शेजारी कोण हेच माहीत नसतं. आमच्याकडे तसं नाही. तुम्ही कारदग्याचे असा नाहीतर येळ्ळूरचे, तुमच्या वडिलांचं नाव, तुमची गल्ली, तुमची बारावीची टक्केवारीसुद्धा लोकांना ठाऊक असते. “पोरगा इंजिनियर झाला आणि आता लोणची विकतोय म्हणं” हे वाक्य पारावर एकदा पडलं, की ते मामाच्या गावापर्यंत पोचतं. नोकरीतल्या माणसाला आणखी एक काळजी. ऑफिसात लोक म्हणतील, पगारात भागत नाही वाटतं.

या भीतीवर ‘लोकांकडे लक्ष देऊ नका’ असा सल्ला देणं सोपं आहे आणि निरुपयोगी आहे. लोकांकडे लक्ष न देता इथं कुणाला जगता आलंय? उद्या बारसं आहे, परवा मयत आहे, माणसं लागतातच. म्हणून उपाय दुसरा करावा. सुरुवात गाजावाजा करून करायची नाही. आपल्याकडे आधी नाव ठरतं, मग लोगो, मग व्हिजिटिंग कार्ड, मग सत्यनारायण, मग उद्घाटनाला नगरसेवक, आणि त्यानंतर गिऱ्हाइकाचा शोध. एवढ्या लोकांदेखत सुरू केलेली गोष्ट बंद करायला माणूस धजत नाही. तोट्यात गेली तरी अब्रूसाठी ओढत राहतो. उलट चार ओळखीच्या घरी, नावाशिवाय, साध्या डब्यातून माल गेला, तर चुकलं तरी कुणाला कळत नाही आणि बरोबर आलं तर पाचवं घर आपण होऊन विचारतं. फेसबुकवर फोटो टाकण्याआधी विक्रीच्या दोन पूर्ण फेऱ्या होऊ द्याव्यात, असं मी सांगतो. दुसऱ्यांदा मागणारं गिऱ्हाईक हेच खरं. पहिल्यांदा घेणारे बरेचसे भिडेखातर घेतात.

भिडेचा दुसरा भाग म्हणजे भाव सांगणं. कित्येकांचा धंदा या एका क्षणी अडतो. माल उत्तम, कष्ट चोख, आणि भाव विचारला की जीभ अडखळते: “काय द्यायचं ते द्या”, “तुमच्याकडून काय घ्यायचं?” समोरचाही मग खरंच काही देत नाही. भाव आधी कागदावर छापून किंवा लिहून ठेवावा, पाकिटावर चिकटवावा, व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पाठवावा. तोंडी सांगायची वेळ आली तर आकडा सांगून गप्प बसावं. आकड्यानंतर जे स्पष्टीकरण आपण देत सुटतो, तेच सूट मागायला बोलावणं ठरतं. आत्या, मावशी, चुलतभाऊ यांना काय करायचं? माझं मत असं की नातेवाइकांना एकदा नमुना फुकट द्यावा, मनापासून द्यावा, आणि त्यानंतर सगळ्यांना एकच भाव. उधारी तर नातेवाइकांत मुळीच नको. वसूल करायला गेलं की नातं जातं आणि न गेलं की भांडवल जातं.

नवेपणाची अडचण किर्लोस्करांनाही वेगळ्या रूपात आली होती. त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. दोन वर्षं माल पडून असताना घर कशावर चाललं असेल, हा प्रश्न मला त्यांच्या जिद्दीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. आधीचं सायकलींचं काम आणि कडबा कापायची यंत्रं हाताशी होती म्हणून नांगराला वाट पाहता आली असावी.

आता पैशाची भीती. तिच्याशी वाद घालत बसू नये, तिला आकडा द्यावा. “बुडालो तर?” या प्रश्नाला अंत नाही. “तीन हजार बुडाले तर?” याला उत्तर आहे. ज्या घरात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार येतात, तिथं हा दीड हप्ता झाला. तेवढे गेले तर चूल बंद पडत नाही. धंदा काय मिळवून देईल हा अंदाज असतो, पण आपण किती गमवायला तयार आहोत हा आकडा आपल्या हातातला असतो. म्हणून तो आधी ठरवायचा आणि घरातल्या माणसाला सांगून ठेवायचा.

उदाहरणच घेऊ. संकेश्वरची मिरची या भागाची ओळख आहे, तेव्हा कांदा-लसूण मसाला करायचा म्हणू. समजा पाच किलो मसाल्याला मिरची, कांदा, लसूण, खोबरं, गरम मसाला, तेल आणि डंकावरचं कांडप मिळून अडीच हजार गेले. पाकिटं आणि चिठ्ठ्या चारशे, जाण्यायेण्याचा खर्च शंभर. हातचे पैसे झाले तीन हजार. शंभर ग्रॅमची पन्नास पाकिटं निघाली, म्हणजे पाकीट साठ रुपयांना पडलं. ऐंशीला विकलं तर वीस रुपये सुटतात आणि हजाराचा फायदा होतो, असं बहुतेक जण म्हणतील. पण चार संध्याकाळी, रोज तीन तास, असे बारा तास तुमचे गेले. तासाला पन्नास रुपये धरले तर सहाशे झाले. खरा फायदा चारशे. आपल्या बायका आपली मजुरी हिशेबात धरत नाहीत, आणि वर्षभरानं थकल्या की म्हणतात, “एवढं राबून हातात काय पडलं?” मजुरी पहिल्या दिवसापासून धरली, तर भाव नव्वद ठेवायला हवा की पाकीट लहान करायला हवं, हे पहिल्या खेपेलाच कळतं. आता उलटं पाहा. ऐंशी रुपयांनी अडतीस पाकिटं गेली की हातचे तीन हजार परत आले. उरलेली बारा घरात खाल्ली तरी चालतील. एवढ्याशा गोष्टीची भीती वाटत होती, हे हिशेब मांडल्याशिवाय पटत नाही.

पहिल्या खेपेला कर्ज काढू नये, यावर मी ठाम आहे. दागिने गहाण टाकू नयेत आणि मायक्रोफायनान्सच्या आठवड्याच्या हप्त्यात तर अडकूच नये. विक्री हळूहळू वाढते, हप्ता मात्र पहिल्या आठवड्यापासून पूर्ण लागतो. वसुलीचा जाच इतका वाढला की कर्नाटक सरकारला फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. तीन-चार खेपा विकून झाल्या, मागणी दिसली, यंत्र घेतल्याशिवाय पुढं जाता येईना, की मग बँकेत जावं. मुद्रा योजनेत शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं. तेव्हा तुमच्या हातात विक्रीची वही असेल. त्या वहीमुळे मॅनेजरपुढं बसताना तुमचा आवाज वेगळा लागतो.

सीमाभागाच्या म्हणून काही खास भीती आहेत, त्या पुण्या-मुंबईच्या लेखकांना ठाऊक नसतात. पहिली भाषेची. अर्ज कन्नडमध्ये, साहेब कन्नडमध्ये बोलणार, आपल्याला अडवणार, अशी धास्ती मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला असते आणि ती सगळीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण सुरुवातीला जे लागतं त्यातलं बरंचसं सरकारी खिडकीवर जाऊन मागावंच लागत नाही. उद्यम नोंदणी केंद्राच्या संकेतस्थळावर आधारवरून होते, तिला पैसे लागत नाहीत. खाण्याचे पदार्थ असतील तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणीही ऑनलाइन होते. लहान व्यावसायिकाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते, आणि तिचं शुल्क वर्षाला शंभर रुपये आहे. हे दोन्ही करून देतो म्हणून हजार-दोन हजार उकळणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. नेट सेंटरवाल्याला फॉर्म भरण्यापुरते पैसे द्या, त्यापेक्षा जास्त नकोत. घरातून विकताना पाटी लावायची गरज नसते. पुढं दुकान काढलं तर पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, असा २०२४ पासूनचा कायदा आहे. रंगाऱ्याला काम देण्याआधी तो लक्षात ठेवा, म्हणजे पाटी दोनदा रंगवायला लागणार नाही.

भाषेबद्दल आणखी थोडं, कुणाला आवडो न आवडो. बेळगावच्या खडे बाजारातला मुरलेला दुकानदार मराठीत बोलता बोलता कन्नडमध्ये जातो, तिथून हिंदीत, आणि गोव्याचं गिऱ्हाईक आलं की कोकणीही काढतो. त्याच्या मराठीपणाला त्यानं काही बाध येत नाही. चिक्कोडी, रायबाग, गोकाक, अथणी हा केवढा बाजार आहे! “एष्टु बेकु?” म्हणजे किती हवं, एवढं विचारता आलं तरी समोरची बाई हसून पिशवी पुढं करते. सीमाप्रश्नाची लढाई १९५६ पासून चालू आहे, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि आपली बाजू सोडावी असं कुणी म्हणत नाही. पण ‘एकदा निकाल लागू दे, मग बघू’ ही सवय घरच्या निर्णयांतही उतरलीय, असं मला वाटतं. दोन पिढ्यांनी दुकानं, शेड, जागा याच एका वाक्यावर पुढं ढकलल्या.

दुसरी भीती कराची, आणि इथं मात्र सावध राहिलंच पाहिजे. कर्नाटकात वस्तूंची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. हे ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात पाठवायची असेल तर साधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. इतरांना हा नियम कागदावरचा वाटेल. निपाणीकराला मात्र राज्याची हद्द गावाला चिकटूनच आहे. देवचंद कॉलेज आपण निपाणीचं म्हणतो, पण ते आहे अर्जुननगरला, कागल तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. तुमच्या घरी येऊन कुणी पाकीट घेऊन गेलं तर ती इथली विक्री. तुम्ही पन्नास पाकिटं कागलच्या दुकानात पोचवली तर ती आंतरराज्य विक्री. म्हणून सुरुवातीच्या खेपा कर्नाटकातच विकाव्यात. कोल्हापूरची बाजारपेठ खुणावू लागली की एखाद्या कर सल्लागाराकडे बसून नोंदणी करून घ्यावी. नोंदणीला सरकारी शुल्क नाही. खर्च असतो तो विवरणपत्रं भरून देणाऱ्याचा. तो भावात धरावा.

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाणिज्य कर खात्यानं यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या, तेव्हा बेंगळुरात कित्येक टपऱ्यांवर ‘फक्त रोख’ असे कागद लागले. आमच्याकडेही घबराट पसरली. पण त्या नोटिसा मर्यादेपेक्षा जास्त रक्कम जमा झालेल्यांना होत्या. वर्षाला दोन-तीन लाखांची विक्री करणाऱ्या घरानं क्यूआर कोड उतरवायचं कारण नव्हतं. त्यातून घ्यायचं ते एवढंच की धंद्याचं बचत खातं वेगळं ठेवावं. भावानं पाठवलेले पैसे, भिशीचे पैसे आणि मसाल्याचे पैसे एकाच खात्यात आले, तर उद्या आपल्यालाच सांगता येत नाही कोणते कशाचे.

नोकरीच्या ठिकाणची भीती अनेकांना असते आणि काहींच्या बाबतीत ती योग्य असते. सरकारी कर्मचारी आणि शिक्षक यांना वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय स्वतःचा व्यापार करता येत नाही. बायकोच्या नावावर काढून स्वतः गल्ल्यावर बसणं ही पळवाट नव्हे, चौकशीचं निमंत्रण आहे. बायकोला खरंच करायचं असेल तर तिनंच करावं, हिशेब तिचा, निर्णय तिचे, आणि खात्याला रीतसर कळवावं. खाजगी नोकरीत नेमणूकपत्र काढून वाचावं. बेळगावच्या औद्योगिक पट्ट्यात, उद्यमबागेत, मच्छेत, होनग्याला लेथवर काम करणाऱ्या मुलांना एक सांगतो: सेकंडहँड मशीन घेऊन संध्याकाळी जॉबवर्क करायला हरकत नाही, पण मालकाचं गिऱ्हाईक, मालकाचं ड्रॉइंग आणि मालकाचं टूल यांना हात लावायचा नाही. एवढंसं औद्योगिक जग, चार दिवसांत बोभाटा होतो. बाहेरचं गिऱ्हाईक शोधावं, आणि जमलं तर मालकाला सांगूनच करावं. काही मालक जास्तीचं काम बाहेर द्यायला माणूस शोधत असतात.

वेळ नाही म्हणणाऱ्यांना मी फार समजावत नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ निघत नसेल, तर सध्या खरंच नका करू. घरात लहान मूल असेल, आजारी माणूस असेल, तर थांबण्यात कमीपणा नाही.

एकट्यानं मात्र उतरू नये. अहमदाबादला ‘सेवा’ बँकेच्या सभासद बायकांना दोन दिवसांचं व्यवसाय मार्गदर्शन दिलं गेलं. काहींना एकटीनं बोलावलं, काहींना मैत्रिणीसह. एरिका फील्ड, सीमा जयचंद्रन, रोहिणी पांडे आणि नतालिया रिगोल यांच्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं ते असं, की चार महिन्यांनी फरक पडला तो मैत्रिणीसह आलेल्यांच्यात. व्यवसायासाठी कर्ज घेण्याचं, काम वाढवण्याचं, घरचं उत्पन्न वाढण्याचं प्रमाण त्यांच्यात अधिक होतं. बाहेर पडण्यावर जास्त बंधनं असलेल्या घरांतल्या बायकांना तर सोबतीचा उपयोग सर्वांत जास्त झाला. तेव्हा मैत्रीण भागीदार असायला हवी असं नाही. ती टेलरिंग करेल, तुम्ही मसाला करा, पण बाजाराला जोडीनं जा. शक्ती योजनेमुळे राज्याच्या बसमधून निपाणीहून बेळगावला बायकांना तिकीट लागत नाही, मग माल आणायला, भाव बघायला, दुसरे लोक पाकिटं कशी करतात ते न्याहाळायला दोघी जाऊन या. आंतरराज्य गाड्यांना ही सवलत नाही, कोल्हापूरला जाताना पैसे ठेवा. आणि आठवड्यातून एकदा एकमेकींची वही बघा. दुसऱ्याला दाखवायची असली की वही लिहिली जाते.

प्रत्येक खेपेच्या वेळी वहीत थांबायची अटही लिहावी. उदाहरणार्थ, दिवाळीपर्यंत चार खेपा. त्यात दुसऱ्यांदा मागणारी दहा घरं झाली नाहीत, किंवा ठरवलेले तीन हजार संपले, तर हा माल बंद. श्रावण ते दिवाळी हा काळ मुद्दाम धरावा. तेव्हा घराघरांत खरेदी असते. त्या दिवसांत जे खपत नाही ते उन्हाळ्यात खपेल याची आशा कमी. अट लिहिलेली असली की बंद करणं हा अपमान राहत नाही, ठरलेलं काम होतं. बंद करायची वेळ आलीच तर घेतलेल्या आगाऊ रकमा त्याच आठवड्यात परत करा, उरलेला माल नमुना म्हणून वाटून टाका, आणि शिलाई मशीन किंवा मिक्सर पोटमाळ्यावर धूळ खात न ठेवता लगेच विका. जुन्या मशीनला दर महिन्याला भाव कमी येतो. वही मात्र टाकू नका. पुढचा माल निवडताना कोणी काय म्हणून नाकारलं, ते तिच्यातच सापडतं.